पानावरचा डोळा

आक्का, आज सकाळी वरच्या खाचराच्या बांधावर उभी होते आणि तुम्ही पुन्हा आलात. म्हणजे तुमचा वास आला. गवती चहाच्या तेलाचा, तोच, नाकातून थेट कपाळात चढणारा. धुकं इतकं होतं की बांधाचं पुढचं टोक दिसत नव्हतं. तेल काढायची भट्टी लावलेली नव्हती. तेलाची बाटली घरात फडताळात होती आणि तिला बूच होतं. वारा तर नव्हताच. मग वास आला कुठून? मी मोठ्यानं म्हटलं की आक्का, असं मागनं येऊन उभ्या राहू नका, माझं काळीज थाऱ्यावर राहत नाही. तसा वास गेला. रुसून पाठ फिरवावी तसा गेला, तुमच्यासारखाच.

गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे कुठं जन्मली, कुठं दिली, काय काय केलं ते लिहितात. मला ते जमणार नाही. तुम्ही कशानं गेलात तेही लिहीत नाही, ते पासलीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला आपलं भांडण पुरं करायचंय. ते अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात, आणि भांडण अर्ध्यात टाकायची तुमची रीत नव्हती.

मी कामथडीची, हायवेच्या कडेची. लग्न होऊन पासलीला आले तेव्हा मला वाटलं, या लोकांनी आपल्याला ढगात आणून सोडलं. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नाही. भिंतीला बुरशी, चपलांना बुरशी, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्याला बुरशी. मी रडकुंडीला आले की तुम्ही हसायचात. तुम्ही थोरल्या जाऊबाई, पण मला कधी नावानं हाक मारली नाहीत. ‘धाकले’ म्हणायचात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, तेव्हा सासूचं बोलणंही तुमच्याकडूनच खाल्लं आणि माहेरपणही तुम्हीच केलंत. एका दिवसात दोन्ही.

भाताला करपा पडतो हे मला माहेरीही माहीत होतं. पण तुमच्या तोंडी करपा हा शब्द नव्हता. तुम्ही म्हणायचात, ‘डोळं आलं.’ मी पहिल्यांदा वाकून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. पानावर आधी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, मग तो लांबत जातो, दोन्ही टोकांना निमुळता, कडेनं तपकिरी आणि मधे राखाडी. हुबेहूब डोळा. आत बुबुळ तेवढं नाही. आभाळ चार दिवस उघडलं नाही, पानावरचं पाणी सुकलं नाही, की आख्खं खाचर डोळे उघडून बघत राहायचं. त्यातून चालताना तुम्ही पदर तोंडावर ओढून घ्यायचात. मला हसू यायचं.

“हसू नगं धाकले,” तुम्ही म्हणालात. “पयला डोळा दिसला का पान खुडायचं, पदरात घ्यायचं आन् सरळ इस्तवात घालायचं. मागं बघायचं न्हाई. बघत थांबलीस तर त्ये तुज्या लुगड्याला धरून म्होरल्या खाचरात येतंय.”

मी बारावी शिकलेली. मी तुम्हाला सांगितलं की ती बुरशी असते, तिची भुकटी ओल्या कापडाला चिकटून पसरते, त्यात बघण्याबिघण्याचा काही संबंध नाही. तुम्ही म्हणालात, मग मी दुसरं काय म्हणतेय?

मग तुम्ही भोरला शेतीच्या शिबिराला गेलात आणि येताना पिशवीभर गवती चहाची ठोंबं घेऊन आलात. वनस्पतीच्या तेलानं पिकावरची बुरशी आवरता येते, असं तिथं कुणीतरी करून दाखवलं होतं. बांधाबांधानं ठोंबं लागली. दुधाचा जुना कॅन आला, त्याच्या झाकणाला तांब्याची नळी बसवून घेतलीत, नळी गार पाण्याच्या पिंपातून खाली काढलीत. कॅनमधे पाती आणि पाणी, खाली जाळ. नळीतून वाफेचं पाणी ठिबकायचं आणि त्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगायचा. एवढा भारा उकळून तेल निघायचं ते वाटीच्या बुडाशी. ते रिठ्याच्या फेसात घोटायचं, कारण तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही, आणि ऊन उतरलं की पाठीवरच्या पंपानं मारायचं. एकदा तुमच्याच्यानं धीर धरवला नाही, भर उन्हात मारलंत आणि पानांची टोकं होरपळून गेली. आबा, म्हणजे तुमचे मालक, आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्हीही बोलला नाहीत. मधल्यामधे निरोप पोचवून माझा जीव मेटाकुटीला आला.

माझं म्हणणं सरळ होतं. वेल्ह्यात दुकान आहे, दुकानात औषध आहे, आणावं आणि मारावं. तुम्ही म्हणायचात, औषध मारलेल्या खाचरात बांधावर खेकडी उताणी पडलेली मी बघितलीत, आणि त्याच खाचराचं पाणी खाली आपल्या विहिरीला झिरपतं. मी म्हणायचे, तुमच्या तेलानं डोळे आलेली पानं कुठं बरी होतात? तुम्ही म्हणायचात, आलेला डोळा मिटत न्हाई गं, पर म्होरचा उघडत न्हाई. हे आपलं भांडण भाकरी थापताना, खुरपताना, एसटीची वाट बघताना, कुठंही चालू व्हायचं. लोकांना वाटायचं जावाजावांचं पटत नाही. काय सांगावं लोकांना.

खरं भांडण बियाचं होतं. घरची सगळी खाचरं इंद्रायणीची, फक्त वरच्या एका खाचरात जुना आंबेमोहर. सासूबाईंच्या हातचं बी. शिजला की वाडीच्या तोंडाशी वास यायचा, पण करपा पहिला त्यालाच धरायचा. वर्षागणिक कमी होत होत मागच्या साली एका मडक्यापुरतं बी उरलं. त्याच्या आदल्या साली तुम्ही थोड्या बियाला तेल चोळून पेरलं होतं आणि त्यातलं एकही उगवलं नव्हतं. तरी तुमचं डोकं थांबेना. तुम्ही म्हणालात, चुकलं माझं, बियाला तेल लावायचं न्हाई, वास लावायचा. मडक्यात बी भरलंत, तेलाचे थेंब टाकलेली चिंधी झाकणाला आतून टांगलीत, बियाला टेकणार नाही अशी, आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकलंत. मी म्हटलं, बी मेलं तर सासूबाईंच्या हातचं पुन्हा कुठून आणणार? वासानं कुठं रोग जातो का? तुम्ही म्हणालात, बघशील.

त्या सकाळी मी माहेरी निघाले होते. एसटीचा हॉर्न खालच्या वळणावर ऐकू आला आणि तुम्ही दारात येऊन म्हणालात, “धाकले, त्या मडक्यातल्या बियाचं...” मी म्हटलं, आल्यावर बोलू. मी परत आले तोवर तुम्ही गेला होतात; भट्टीपाशी, पिंपाला टेकून बसलेल्या सापडलात, असं आमच्या ह्यांनी मला सांगितलं. मी तुम्हाला तसं बघितलं नाही. मी बघितलं ते नेसवून आडवं केलेलं. हाताला तेलाचा वास तसाच होता.

बियाचं काय, आक्का? जगलंय म्हणणार होतात, का मेलंय?

दहाव्याला नदीवर गेलो. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे, गेलेल्या माणसाच्या हातचं भात कांडून पिंड करायचा. किकवीच्या वन्सं आधीपासून येऊन राहिल्या होत्या, सगळं त्याच बघत होत्या. पिंड मांडला, सगळे मागं सरलो. कावळे होते. पलीकडच्या उंबरावर बसले होते, चांगले लठ्ठ. एकही उतरेना.

आबा पुढं झाले. म्हणाले, तुझी म्हैस विकणार नाही. कावळे बसून. वन्सं म्हणाल्या, तुझ्या लेकींचं माहेर मी तुटू देणार नाही. कावळे बसून. कुणी देवीला जायचं बोललं, कुणी आणखी काही. आमच्या ह्यांनी सुद्धा, ज्यांना यातलं काही पटत नाही, हात जोडून काहीतरी पुटपुटलं. ऊन चढायला लागलं. मग मी पिंडाजवळ गेले, का ते माहीत नाही, आणि वाकले. आणि मला तो वास आला. गवती चहाचा.

मी वन्संना विचारलं, तांदूळ कुठला घेतला? त्या म्हणाल्या, तिनं स्वतः लिंपून ठेवलेल्या मडक्यातला गं, म्हटलं तिच्या हातचा तोच, जिवापाड जपलेला. त्यांनी मायेनंच केलं होतं. सासूबाईंचं बी, ज्याच्यापायी आपण वर्षभर भांडलो, ते वन्संनी उखळात घातलं होतं आणि आता ते नदीकाठी पळसाच्या पानावर पडलं होतं. मी विचारलं, सगळं? तर म्हणाल्या, न्हाई, बुडाशी हाय थोडं.

मी सगळ्यांना सांगितलं की इच्छाबिच्छा काही राहिलेली नाही, तेलाच्या वासामुळं कावळा येत नाही. किडामुंगीसुद्धा त्या वासाला येत नाही, कावळा कसा येईल? दर्भाचा कावळा करा आणि चला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबांची मान खाली. मला त्या बघण्याचा राग आला, आणि तुमचा आला, आणि सगळ्यांसमोर मी तुमच्याशीच भांडले.

“आक्का, उरलेलं बी मी पेरते,” मी म्हटलं. “मेलेलं असलं तरी पेरते. डोळं आलं तर तुमच्याच तेलानं राखते. आता बास करा.”

तोंडातला शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा उंबरावरून सुटला, सरळ पिंडावर आला आणि चोच मारली. बायका रडायला लागल्या. तो उडून गेल्यावर मी पुन्हा वाकून हुंगलं. वास तसाच होता, आक्का. तसूभरही कमी झाला नव्हता. म्हणजे भांडणात मी पुन्हा हरले.

मडक्याच्या बुडाशी ओंजळभर भात होतं. राब भाजून ठेवलेल्या जमिनीच्या एका कोपऱ्यात रोपं काढायला वेगळी दाढ टाकली. चारी बाजूंची इंद्रायणीची रोपं वर आली, हिरवीगार झाली. तो कोपरा काळाच. मी रोज सकाळी जाऊन बघायची आणि तुम्हाला शिव्या घालायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, धाकलीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. घरात फडताळ उघडावं तर वास, तुमचं लुगडं घडी करावं तर वास, एकदा तर दुपारी झाडून काढताना दाराआडून असा भपकारा आला की केरसुणी टाकून मी अंगणात पळाले. त्या दिवशी राग नव्हता, भ्याले होते मी. अंगणात उभं राहून म्हटलं, जे सांगायचंय ते बोला तरी. आणि दुसऱ्या सकाळी दाढीच्या काळ्या कोपऱ्यात, मातीतून सुई निघावी तसे कोंब. पातळ, पिवळट, मोजके. मी तिथंच मटकन बसले आणि रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

वरच्या खाचरात लावणी केली. आषाढ लागला, ढग खाली उतरले आणि खालच्या इंद्रायणीवर डोळे आले. मग भट्टी लावायची वेळ माझ्यावर आली. तुमच्या मागं उभं राहून मी शंभरदा बघितलं होतं, पण बघणं वेगळं. पाती भरली, जाळ केला, वास तर असा सुटला की आख्खी वाडी घमघमली. आणि नळीखालच्या बाटलीत काही नाही. टिपूस नाही. नुसती वाफ नळीच्या तोंडातून निघून चाललेली. वास सगळीकडं आणि हातात काही येईना.

आबा ओट्यावर बसले होते. तुम्ही गेल्यापासून ते भट्टीकडं बघतही नाहीत. पाठ करूनच बसले होते. आणि पाठमोरेच ते बोलले.

“धाकले, पिपातलं पाणी बदल.”

पिंपाला हात लावला तर पाणी कढत झालं होतं. गार पाणीच नाही तर वाफेचं तेल होणार कसं? मी पाणी ओतून दिलं, विहिरीचं गार भरलं, आणि नळीतून टिपटिप सुरू झाली, वर पिवळा थर धरायला लागला. मग माझ्या ध्यानात आलं. आबांनी मला आजवर धाकले म्हटलेलं नाही. थोरले दीर, ते मला हाकच मारत नाहीत, निरोप देतात. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, बरं सांगितलंत आबा पाण्याचं. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, मी कुठं काय बोललो?

मी चहा तिथं ठेवला आणि पुन्हा भट्टीपाशी येऊन बसले. दुसरं काय करणार होते? जाळ चालू होता, तेल पडत होतं.

आता आज सकाळचं सांगते. वरच्या खाचराच्या बांधावर मी उभी का होते ते. तुमच्या आंबेमोहरावर आजवर एक ठिपका नव्हता. खाली डोळेच डोळे, आणि वर नितळ हिरवं. मी तेल मारत होते, पण माझ्या मनात होतं की ते तेलामुळं नाही, मडक्यातल्या त्या वासामुळं आहे, तुमचं म्हणणं खरं झालं. हे मी कुणाला बोलले नव्हते, तुम्हालाही नाही. आज धुक्यात वर गेले आणि पहिल्याच ओळीत, बांधाला लागून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक. एकच. निमुळता, कडेनं तपकिरी, मधे राखाडी.

आणि आक्का, त्याला बुबुळ होतं. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. राखाडी डागाच्या मधोमध दवाचा बारीक थेंब अडकला होता, त्यात मी दिसत होते, पदर डोक्यावर घेतलेली. एवढंच ते. पण मी पान हलवलं तरी तो थेंब सांडला नाही. तेवढ्यात मागून तुमचा वास आला.

मला ते पान खुडवेना. वाटलं, असू दे. एक डोळा असला म्हणून काय होतंय. बघू दे तिला तिचं खाचर, बी जगलेलं बघू दे. तिच्या अर्ध्या राहिलेल्या बोलण्याचं उत्तर इथं उभं आहे, ते तिनं नाही तर कुणी बघायचं? किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मी तुम्हाला बोलले, वास गेला, तरी हात होईना. मग आठवलं, बघत थांबलीस तर म्होरल्या खाचरात येतंय. मूठभर रोपं आहेत, आक्का. या साली करप्यानं धरली तर सासूबाईंचं बी संपलं. तुमचंही आणि माझंही. मी नदीवर सगळ्यांसमोर शब्द दिलाय.

मी पदर तोंडावर ओढून घेतला, तुमच्यासारखा. पान खुडलं, पदराच्या टोकात बांधलं आणि वळले. दोनचार पावलं गेले असेन, तर मागं चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मी थांबले, तो थांबला. मी चालले, तो आला. वास नव्हता या वेळी, फक्त पाय. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही एकदमच. एवढंसं मान वळवली असती तर तुम्ही दिसला असतात, मला पक्कं ठाऊक आहे. मी वळवली नाही. खाचराच्या तोंडापर्यंत आवाज आला, पायवाटेवर आला नाही.

घरी येऊन भट्टी पेटवली आणि ते पान पहिल्या जाळात घातलं. चर्र झालं. आता तिथंच बसून लिहितेय. पिंपातलं पाणी आत्ताच बदललं. बाटलीत तेल धरतंय. आबा ओट्यावर आहेत, आज तोंड इकडं करून बसलेत. म्हणाले, वास लई सुटलाय, तिची आठवण येती. मी नाकाशी बाटली धरली, पाती चुरगळून बघितली. मला वास येत नाही, आक्का. सकाळपासून येत नाही.

ऊन उतरलं की पंप घेऊन वर जाईन. बी जगलंय, भांडण तुम्ही जिंकलात, हे तुमच्या तोंडावर मान्य करायचं राहिलं होतं ते आज करते. आता जायचं असेल तर जा. राहायचंच असेल तर घरात या, चुलीपाशी बसा, आंबेमोहर निघाला की पहिला भात तुमच्या ताटात वाढीन, वाटेल तेवढं भांडा माझ्याशी. पण पानावर येऊ नका. तिथं दिसलात तर मी पुन्हा खुडीन.